हाताने काढल्यासारखं करा म्हणे!

पुन्हा तेच! ऑफिसातले साहेब म्हणतात, ‘कॉम्प्युटरवरचं मॉडेल छान आहे, फक्त हाताने काढल्यासारखं करा.’ घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं किचन पक्कं ठरलंय, ओट्याची उंची 850 मिलिमीटर लिहिलीय, सुतार टेप घेऊन उभा आहे, आणि यांना थरथरत्या रेषा हव्यात? ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केची’ ही हाताने काढल्यासारखी दिसणारी शैली लावून जिटर (रेषांची थरथर) वाढवला की चौकट, नळ, टाइल्सचे सांधे, सगळ्यांना एकच हुडहुडी! कोपऱ्यांत रेषा एकमेकींना ओलांडून जातात, त्याही सगळीकडे सारख्याच. माणसाचा हात असा चालतो का? तो जवळची कड दाबून काढतो, लांबची अर्धवट सोडतो. डिझाइन कच्चं असेल तेव्हा खुशाल लावा. पण साइटवर असला कागद कशाला पाठवता? वर गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘आमच्याकडे हाताने काढतात’! मग घ्या ना पेन्सिल हातात!