जॅझमध्ये राग शोधू नका

"जॅझ म्हणजे अमेरिकेचं शास्त्रीय संगीत. आपल्यासारखंच तेही आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात." हे इतक्या मराठी मंडळींकडून ऐकलंय की आज एकदाचं त्यावर भांडूनच घेतो. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, मान्य. पण या कौतुकानं जॅझचे जितके श्रोते पळवून लावलेत तितके टीकेनंही लावले नसतील.

होतं काय, की सवाई गंधर्वला बसायची सवय असलेला माणूस या वाक्यावर भरवसा ठेवून जॅझ लावतो आणि आलापाची वाट बघत बसतो. एकेका स्वराची सावकाश बढत, मग मध्य लय, मग द्रुत. इथे मिनिटाभरात धून वाजून संपते आणि सॅक्सोफोनवाला सुसाट सुटतो. मागे पियानोवाला अधूनमधून तुटक काहीतरी वाजवतोय, ड्रमवाल्याचं भलतंच काही चाललंय. "गोंगाट आहे बुवा" म्हणून गडी परत मारव्याकडे.

अहो, रागाचा इथे संबंधच नाही! आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत जागचा हलत नाही. जॅझमध्ये बहुतेक वेळा दर एक-दोन बारला (बार म्हणजे सहसा चार मात्रांचा तुकडा) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलते आणि वाजवणाऱ्याला त्या बदलांमधून वाट काढत जायचं असतं. आपल्याकडचं काही शेजारी ठेवायचंच असेल तर एकल तबलावादन ठेवा. पेटीवाला तोच लहरा आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो आणि तबलजी त्यावर कायदे, रेले मांडतो. जॅझमध्ये सुरुवातीच्या धुनेला 'हेड' म्हणतात. ती एकदा वाजली की तिचा सांगाडा, म्हणजे बारांची संख्या आणि कॉर्डचा क्रम, तसाच फिरत राहतो. फरक इतकाच की लहरा आपल्याला ऐकू येतो, आणि ही धून पहिल्या फेरीनंतर ज्यानं त्यानं मनात म्हणायची असते. ब्लूज असेल तर फेरी सहसा 12 बारांची. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतली जुनी गाणी बरीचशी 32 बारांची: आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा. त्याला ब्रिज म्हणतात.

करून बघायचं असेल तर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. त्यातलं पहिलंच, 'सो व्हॉट'. कॉर्डची पळापळ जवळजवळ नाही, त्यामुळे नवख्याला सोयीचं. आधी पियानो आणि बासची (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) थोडी मोकळी कुजबुज, मग बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे त्याला दोन ठोक्यांत उत्तर देतात. पहिले 16 बार एकाच स्केलमध्ये, म्हणजे त्याच सात स्वरांत, मग आठ बार तेच सगळं अर्ध्या स्वरानं वर, मग परत आठ बार मूळ जागी. झाली फेरी. माइल्स अशा दोन फेऱ्या घेतो, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अॅडरली, मग पियानोवर बिल एव्हान्स. बोटांवर मोजत ऐका. सगळं अर्ध्या स्वरानं वर सरकतं ती जागा दोन-चारदा बरोबर पकडलीत की पुढे मला काही सांगावं लागणार नाही. समेवर आल्याचा आनंद तुम्हाला ठाऊकच आहे, हा त्याचाच चुलतभाऊ.

आता शिकण्याबद्दल. मी गिटारवर धडपडणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा अधिकारानं नाही, पण मत ठाम आहे: स्केलचे तक्ते पाठ करून जॅझ येत नाही. मोबाइलवरची अॅप तुम्हाला 'या कॉर्डवर हे सात स्वर चालतील' एवढं सांगतात. चालतील हो, पण बोलायचं काय? ते येतं फक्त नक्कल करून. एक सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवलेला तुकडा, घ्यायचा, आधी तोंडानं म्हणता आला पाहिजे, श्वासासकट, मग वाद्यावर. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर पोरसवदा असताना कॅन्सस सिटीतल्या एका जॅमला, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवायच्या बैठकीला, गडबडला आणि ड्रमर जो जोन्सनं त्याच्या पायाशी झांज फेकून त्याला खाली उतरवला, ही गोष्ट जॅझवाले अजून चघळतात. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. पार्कर उन्हाळ्यात गावाबाहेर नोकरीला गेला तो सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन, आणि त्यातले सोलो त्यानं स्वर न् स्वर बसवले. गुरूनं म्हटलेलं गळ्यावर चढवायचं हे आपल्या पोरांना नवीन नाही. इथे मराठी शिकाऊ माणूस खरं तर दोन पावलं पुढे असतो.

आणि दोन पावलं मागेही. आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो, समेची सवय. जॅझमध्ये चुटकी वाजते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणारं यंत्र) ठोका दोन आणि चारवर आहे असं मानून साधी धून वाजवून बघा. घाम फुटतो!

पण यातलं काहीही घरात एकट्यानं बसून पुरं होत नाही. जॅझची खरी शाळा म्हणजे जॅम. एकमेकांना कधी न भेटलेले चौघे स्टेजवर चढतात, एक जण 'ऑटम लीव्हज, जी मायनर' म्हणतो आणि वाजवायला लागतात. हे जमतं कारण शे-दोनशे गाणी सगळ्यांना सामाईक पाठ असतात. बाकी खुणा. कुणी डोक्यावर हात ठेवला तर हेडवर परत यायचंय, चार बोटं वर केली तर ड्रमरशी चार-चार बारांची देवाणघेवाण. स्वतःचं आवडलं म्हणून दहा फेऱ्या घ्यायच्या नाहीत. आणि बास सोलो सुरू झाला की गप्पा मारायच्या नाहीत. (हे श्रोत्यांसाठी. बासवाल्यांची ही तक्रार जगभर आहे.)

"पण हे आपलं नाही ना" हा दुसरा सूर. मुंबईत बसून असं म्हणायला धाडस लागतं. लिऑन अॅबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात आला. मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या संगतीत तयार झाली गोव्याची पोरं, चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि नोटेशन शिकून मुंबईला आलेली. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट हातात घेऊन 'चिक चॉकलेट' झाला. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतलं काम आटलं, तेव्हा यातले कित्येक जण सिनेमाच्या स्टुडिओत पोचले. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 1951 च्या 'अलबेला'त जी धमाल उडवली तिच्यात चिकचा हात आहे. त्यात तो बँडसह पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशनच्या मागे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारे, सेबॅस्टियन डिसूझा होते. आपल्या आज्या ज्या गाण्यांवर ताल धरायच्या त्यात हे सगळं मुरलेलं आहे. या माणसांची नावं मराठी घरांत कुणी घेतली नाहीत, आणि ते मला खुपतं. अण्णांवर, म्हणजे सी. रामचंद्रांवर, लेख लिहिणारे आपल्याकडे खूप, चिकवर किती?

1978 पासून रंगभवनात जॅझ यात्रा भरायला लागली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स. धोबीतलावला, उघड्यावर! पुढे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन गप्प झालं. आता चांगलं जॅझ ऐकायचं तर बहुतेकदा अशा जागी जावं लागतं जिथे तिकिटापेक्षा पाण्याच्या बाटलीची धास्ती वाटते. जॅझ श्रीमंतांचं आहे हा समज तिथूनच येतो. ज्यांनी ते वाजवलं त्यांतले बरेच धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोव्याच्या गाववाल्यांच्या क्लबांत, एका ट्रंकेएवढ्या जागेत राहत होते.

म्हणून आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकाच्या हॉलमध्ये जमतो. एक रेकॉर्ड, पूर्ण, मध्ये बोलायचं नाही. मग चहा, मग ज्याला वाजवायचं त्यानं वाजवायचं, कितीही कच्चं असो. एक निवृत्त ट्रंपेटवाले अंकल येतात, मूळ गोव्याचे. कुणी डोळे मिटून माना डोलवायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न, "मोजतोस ना रे?"

या महिन्यात अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटचं 'टेक फाइव्ह' आहे. ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईत आला होता आणि उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवून गेला होता, हे जाता जाता. गाणं पाच मात्रांचं, पण ती पाच तीन-दोन अशी मोडतात, झपतालातल्या दोन-तीनच्या उलट. आमच्यातले दोघे तबलजी आत्तापासूनच हटून बसलेत की ठेका त्यांच्या हिशेबानं लागेल. ज्यांना हे भांडण बघायला यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये पत्ता विचारा. चटई आणि कप घरून आणा, आमच्याकडे मोजकेच आहेत.