कान तोच, ऐकणं वेगळं

बोललेलं आपल्याला कसं कळतं यावरच्या एका लेखात म्हटलंय की आपण शब्द निम्मा कानाने आणि निम्मा सवयीने ऐकतो. अगदी पटलं. लोकलमध्ये रोज जाणाऱ्याला खरखरत्या स्पीकरवरची घोषणा पहिल्याच अक्षराला कळते. नवख्या माणसाला तोच नुसता गोंगाट.

एक भर घालतो. जेनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरातली 6 ते 8 महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत होती. 10 ते 12 महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना ते जमलं. म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेला जुळवून घेतो. (माझा अमेरिकेत वाढलेला पुतण्या 'बाळ'चं 'बाल' करतो. आम्ही हसायचो, आता नाही हसणार.)

पण मोठेपणी सगळं संपतं असंही नाही. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये श्रोत्यांना 'फ' आणि 'स' यांच्या अधलामधला आवाज असलेले 20 शब्द ऐकवले. तेवढ्यावर 'फ' कुठे संपतो आणि 'स' कुठे सुरू होतो ही त्यांच्या कानातली सीमारेषा सरकली! तोच आवाज निरर्थक शब्दांत घातला तर काहीच होईना. म्हणजे शब्द ओळखीचा असला तरच कान शिकतो.

माझे सासरे पक्के मालवणी. लग्नानंतर पहिले काही दिवस मी नुसताच मान डोलवायचो. महिनाभरात सगळं कळू लागलं, अगदी माझ्याबद्दल ते हळू आवाजात बोलायचे तेसुद्धा.