आर्क्टिकचे देवमासे जहाजांना सरावतात?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. सार असं: रशियाच्या उत्तरेकडून गेलं तर योकोहामा ते रॉटरडॅम हे अंतर सुएझपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाचतं, इंधनही वाचतं. तिकडे जहाजं मोजकीच, समुद्र अफाट. बर्फाच्या कडकडाटात आयुष्य काढणाऱ्या देवमाशांना इंजिनाचं काय कौतुक? सरावतात. शिवाय त्यांची संख्या वाढतेच आहे. तेव्हा जहाजांच्या परिणामांवरचं संशोधन म्हणजे अनुदान लाटायचे धंदे.

अंतराचा हिशेब बरोबर आहे. बाकीच्याचं काय ते बघू.

‘जहाजं मोजकीच.’ आर्क्टिकलगतच्या देशांच्या आर्क्टिक कौन्सिल या मंचाच्या मोजणीनुसार या पाण्यात येणारी जहाजं 2013 मध्ये 1,298 होती, 2023 मध्ये 1,782. वाढ 37 टक्के. पण त्यांनी कापलेलं एकूण अंतर याच काळात दुपटीहून जास्त झालं, म्हणजे तीच जहाजं जास्त वेळ, जास्त लांब फिरतायत. आणि ‘अफाट समुद्र’ नकाशावर अफाट असतो. जहाजं जातात ती सामुद्रधुन्यांतून, बर्फ सरलेल्या दोन-तीन महिन्यांत. प्राण्यांची ये-जाही तिथूनच आणि तेव्हाच. बेरिंगची सामुद्रधुनी सगळ्यांत अरुंद जागी जेमतेम 85 किलोमीटर रुंद आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्क्टिकमधल्या सात सागरी सस्तन जातींचे 80 समूह तपासले, तेव्हा 42 समूहांचा उन्हाळी मुक्काम जहाजांच्या वाटेत निघाला. सगळ्यांत जास्त धोका नारव्हालला, तो लांब सुळ्याचा देवमासा. ध्रुवीय अस्वलाला सगळ्यांत कमी. सरसकट सगळेच प्राणी संकटात आहेत असं कुणी शहाणा म्हणत नाही.

‘बर्फाचाच आवाज मोठा.’ बर्फ तडकतो आणि गप्प होतो. जहाजाचा आवाज तासन्‌तास चालतो, आणि तो फक्त इंजिनाचा नसतो. पंख्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्यांचा गोंगाट मोठा. त्यात आर्क्टिकची एक खोड आहे. इतर समुद्रांत आवाज लांब वाहून नेणारा थर साधारण किलोमीटरभर खोल असतो. इथे सगळ्यांत थंड पाणी वरच असल्यामुळे तो थर पृष्ठभागालगत येतो, म्हणजे जहाज आणि श्वास घ्यायला वर येणारा प्राणी दोघेही त्याच थरात.

इथे पर्यावरणवाल्यांचेही कान धरायला हवेत. ‘जहाजाचा आवाज जेट विमानापेक्षा मोठा’ हे त्यांचं आवडतं वाक्य चुकीचं आहे. पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळ्या पायावर मोजतात. तुलना करायचीच तर पाण्यातल्या आकड्यातून सुमारे 62 वजा करावे लागतात.

आता मुख्य मुद्दा: ‘सरावतात.’ जहाजाच्या डेकवरून बघणाऱ्याला तसं वाटू शकतं. 1980 च्या दशकात कॅनडाच्या लँकेस्टर साउंडमध्ये बर्फफोडं जहाज येताना बेलुगा (पांढरे देवमासे) आणि नारव्हाल काय करतात ते नोंदवलं गेलं. बेलुगा 35 ते 50 किलोमीटरवरूनच पळत सुटले. नारव्हाल मात्र जागीच थबकले, हालचाल मंदावली, आवाज बंद. हे पाहून ‘बघा, किती निवांत’ म्हणणं सोपं आहे.

थबकलेल्या नारव्हालचं आत काय चाललेलं असतं, हे कळायला पुढची तीन दशकं गेली. पूर्व ग्रीनलंडच्या स्कोर्सबी साउंडमध्ये संशोधकांनी स्थानिक शिकाऱ्यांच्या मदतीनं नारव्हाल जाळ्यात धरून पाठीवर आवाज टिपणारी यंत्रं बसवली आणि सोडून दिलं. नारव्हाल अंधारात शिकार शोधतो तो टिकटिक आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकत. सावज अगदी जवळ आलं की टिकटिक इतकी भरभर होते की तिची एक सलग भुणभुण ऐकू येते. ती मोजली की जनावर किती वेळा भक्ष्यावर झेपावलं हे कळतं. मग एक जहाज फिरवलं, त्यावर दाबाखालच्या हवेचे धमाके पाण्यात सोडणारी एअरगनही होती. जहाज 12 किलोमीटरवर असताना भुणभुण निम्म्यावर आली. सात-आठ किलोमीटरवर ती थांबली. म्हणजे खाणंच थांबलं. त्याहून बोलकी गोष्ट अशी की जहाजाचा आणि एअरगनचा आवाज समुद्राच्या नेहमीच्या गोंगाटात बुडून गेला होता तेव्हाही नारव्हाल बिथरत होते. ‘आवाज आसपासच्या पातळीपेक्षा वर जात नाही’ हा कंपन्यांचा ठरलेला बचाव तिथेच निकालात निघतो.

आणि रोजच्या वर्दळीतले देवमासे? सप्टेंबर 2001 मधल्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजं काही दिवस विरळ झाली, पाण्यातला आवाज 6 डेसिबलनं उतरला. त्याच काळात तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही उतरलेली आढळली. आर्क्टिकबाहेरचा दाखला आहे, मान्य, पण पिढ्यान्‌पिढ्या जहाजांच्या गर्दीत राहूनही सराव झाला नव्हता हे त्यातून दिसतं.

‘संख्या वाढतेय.’ बोहेड देवमाशांची वाढली, अलास्काच्या बाजूला सुमारे 17 हजारांवर गेली. पण ती व्यापारी शिकार थांबल्यामुळे. दोनशे वर्षं जगणाऱ्या जनावराच्या शिरगणतीत आजच्या त्रासाचा परिणाम दिसायला कित्येक वर्षं जातील. नारव्हालचं चित्र तर वेगळंच आहे. कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या मेरी रिव्हर खाणीचं लोहखनिज 2015 पासून मिल्न इनलेट या खाडीतून जहाजांनी जातं. शेजारच्या एक्लिप्स साउंडमध्ये 2016 च्या हवाई पाहणीत सुमारे 12 हजार नारव्हाल होते, 2021 मध्ये अडीच हजारांच्या आसपास. ते मेले असं नव्हे. बरेचसे शेजारच्या ॲडमिरल्टी इनलेटकडे सरकले असावेत. किलर व्हेलचाही वाटा असू शकतो. पण तिथल्या पाँड इनलेट गावच्या इनुइट (मूळ रहिवासी) शिकाऱ्यांच्या घरी मांस येतं ते दारातल्या पाण्यातून, जागतिक बेरजेतून नव्हे. त्यांनी हरकत घेतली, प्रकल्पांचे परिणाम तपासणाऱ्या मंडळानं खाणीच्या विस्ताराविरुद्ध शिफारस केली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं खाणीचं उत्पादन दुप्पट करण्याचा प्रस्ताव फेटाळला.

‘अनुदानाचे धंदे’ याला फार शब्द खर्च करत नाही. बेरिंग सामुद्रधुनीत जहाजांनी कुठून जावं आणि कुठले भाग टाळावेत हे 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ठरवलं, त्यात प्राणी कुठे असतात या माहितीचाही आधार होता. मिल्न इनलेटच्या वाटेवर 9 नॉटची (ताशी सुमारे 17 किलोमीटर) वेगमर्यादा आहे, तीही अशाच कामातून. आपलाही यात पैसा आहे: गोव्यात वास्कोला असलेली ध्रुवीय संशोधन संस्था नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं ‘हिमाद्री’ केंद्र चालवते, आणि 2014 मध्ये तिथल्या काँग्सफियॉर्डनमध्ये सोडलेल्या भारतीय वेधयंत्रणेवर पाण्यातला आवाज टिपणारी साधनंही बसवली गेली.

शेवटी एक पळवाट उरते, ‘नियम आहेतच की.’ ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची नियमावली, म्हणजे पोलर कोड, 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. त्यात पाण्याखालच्या आवाजाला मर्यादा नाही. आवाज कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या आहेत, 2014 च्या, 2023 मध्ये सुधारलेल्या. त्या पाळायच्या की नाही हे जहाजमालकानं ठरवायचं.