चार भेंड्या आणि साडेसहा हजार : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या कोकणातल्या परसबागेवर लिहिलेल्या ‘श्रावणातला मांडव’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबलं, म्हणून वेगळंच टाकते आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका पुण्याचे. त्यांच्या सूनबाईंनी माझा लेख वाचून गच्चीवर ग्रो-बॅगा, कोकोपीट, गांडूळखत असं साडेसहा हजारांचं सामान आणलं आणि पावसाळा सरता सरता हाती आल्या चार भेंड्या आणि एक कडू दुधी. काका म्हणतात, हा रिकामटेकड्यांचा महागडा छंद आहे. घरच्या भाजीची चव वगैरे मनाचे खेळ आहेत, बी तेच, पाणी तेच, मग चव वेगळी कुठून येणार? आणि मंडईत जाऊन शेतकऱ्याला दोन पैसे द्यायचे सोडून तुम्ही लोकांना ही स्वप्नं का विकता?

पैशांचं आधी उरकते, कारण तिथे तुमच्याशी भांडण नाही. बचत होते म्हणून परसबाग करा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आमच्याकडे शेण गोठ्यात असतं, वाळक्या पानांचा पातेरा घरालगतच्या आगरात पडलेला असतो, बी शेजारपाजारच्या घरांतून येतं, त्यामुळे रोख फार जात नाही. पण मांडवाचे बांबू, सुंभ आणि गड्याची मजुरी धरली तर माझं शिराळं बाजारभावाला हरतं. गच्चीवर तर माती, खत, पाणी सगळंच विकतचं आणि जिन्याने वर न्यायचं. तिथे हिशेब जुळणारच नाही.

मात्र चार भेंड्यांचं कारण वेगळं आहे. सूनबाईंनी दोन बॅगांत दोन झाडं लावली असणार. भेंडीचं झाड चांगलं लागलं तरी एका वेळी एखाददुसरीच भेंडी काढणीला येते. चार माणसांची एका वेळची भाजी करायची तर निदान दहा-बारा झाडं हवीत, तीही दिवसभर ऊन मिळणाऱ्या जागी. दोन झाडांच्या भेंड्या फार तर सांबारात पडतील. शिवाय झाडांवर ‘पांढरा कापूस’ आला असं तुम्ही लिहिलंत, तो पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड. त्याला मुंग्या पोसतात, तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडायची आणि मग पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुऊन काढायचा. कोवळ्या शेंड्यांवर फारच साचला असेल तर शेंडे खुडून टाकायचे.

आता चवीचं. इथे मात्र मी हटणार नाही. मी घरगुती जेवण देते, पानात काय पडतं यावर माझं पोट आहे. मनाच्या खेळावर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

बी तेच, हे मान्य. फरक आहे तो भाजी कोणत्या दिवशी काढली याचा. भेंडीचं फूल एक दिवसाचं असतं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. त्यानंतर चौथ्या ते सहाव्या दिवशी भेंडी काढली तर ती कोवळी. आणखी दोन-तीन दिवस राहिली की शिरा धरते आणि कितीही परता, दातात दोरा येतो. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितलं की भाजीवाली ओरडते, ते उगाच नाही. टोक कट्‌कन मोडणं हीच परीक्षा आहे आणि ती परीक्षा मालाला परवडत नाही. शेतकरी भेंडीचा तोडा दिवसाआड करतो. त्याला वजन हवं असतं आणि क्रेटमध्ये रचून, गाडीत घालून शहरात पोचेपर्यंत टिकेल असा माल हवा असतो. अगदी कोवळी भेंडी वजनाला भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी माना टाकते. त्याच्या जागी मी असते तर मीही थोडी जून होऊ दिली असती.

शिराळ्याचं तर त्याहून स्पष्ट आहे. (तुमच्याकडे दोडका म्हणतात तो.) टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं आहे, धारा अंगठ्याने दाबल्या तर दबतात, अशा वेळी काढलेलं शिराळं सोलायचंसुद्धा नसतं. नुसत्या धारा खरवडायच्या, मोठ्या फोडी करायच्या, फोडणीत हिंग, हळद, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वर झाकणात पाणी. झाकणातलं पाणी तापेपर्यंत भाजी होते, आत पाणी घालावंच लागत नाही. तेच शिराळं आठवडाभर वेलावर राहिलं की आत जाळी धरायला लागते. पुढे तीच जाळी वाळून अंग घासायच्या कामाची होते, तिच्यातून चव कुठली निघणार? मका घ्या. कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. सकाळी तोडलेलं सकाळीच उकडलं तर गोड, दोन दिवस उन्हातान्हात फिरलेलं पिठूळ. यात मन कुठे आलं?

आणि मंडईत जे मिळतच नाही त्याचं काय? भोपळ्याची फुलं मी नेहमी नराची काढते. त्यांचा देठ लांब नि बारीक असतो, मादीच्या फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. पाचसहा नर वेलावर ठेवायचे, बाकीच्यांची भजी. सकाळी नऊच्या आत काढावी लागतात, नंतर ती मिटतात. पडवळाच्या जून बिया भाजून चटणी, शिराळ्याच्या सालींची तीळ-खोबरं घालून चटणी, अळूच्या देठांची दह्यातली देठी, भोपळ्याचे कोवळे शेंडे. यातलं काही तुम्हाला किलोच्या भावात मिळत असेल तर मलाही दुकान कळवा.

शेतकऱ्याच्या पोटावर पाय म्हणाल, तर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर सगळं घाटावरून येतं, कोल्हापूर-कराडच्या गाड्यांतून. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या, जांभ्या दगडाच्या आमच्या जमिनीत पावसाळ्यात टोमॅटो कुजतो. इथे पावसात येतं ते वेलावरचं, मांडवावर किंवा दगडी गडग्यावर (कुंपणावर) चढून पाण्यापासून सुटणारं. मृगात बी टोचलं की जुलैच्या अखेरीपर्यंत मांडवाखाली काही नसतं. तेव्हा टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू या रानभाज्यांवर निभावायचं, आणि त्या विकायला येणाऱ्या बायकांना रोख मोजायचे. मग श्रावणात सगळं एकदम अंगावर येतं. रोज शिराळी, रोज पडवळ, पाहुणेसुद्धा हसायला लागतात.

तुम्हाला स्वप्न वाटलं, कारण त्या लेखात मी भरलेल्या मांडवाबद्दल लिहिलं होतं. त्याच्या आधीचं आत्ता सांगते. झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, पराग धुऊन जातो आणि मादीफुलामागची इवलीशी फळं पिवळी पडून गळतात. तेव्हा मीच माशी होते. भोपळ्याचं नरफूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मधला दांडा मादीफुलात फिरवायचा, हे सकाळी. शिराळं आणि दुधी संध्याकाळी उमलतात, म्हणजे नेमकं रात्रीच्या जेवणाची गडबड असते तेव्हा डोक्यावर इरलं घेऊन पुन्हा मांडवाखाली. पडवळाची ती झालर लावलेली पांढरी फुलं अंधारात उमलतात, पण ती मी पतंगांवर सोडून देते, सगळीकडे कोण पुरणार.

त्यातून लागलेल्या फळावर फळमाशी बसते. कोवळ्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. त्या जागी डिंकाचा थेंब येतो आणि फळ तिथून वाकडं होतं. वाकडं पडवळ चिरून बघा, आत अळ्या वळवळत असतात. क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाचे सापळे मी टांगते, त्यात नर सापडतात, पण शेजारच्या आगरातून माद्या यायच्या त्या येतातच. म्हणून बोटभर पडवळालाच कागदाची पिशवी बांधायची, पावसाने ती फाटली की बदलायची. तरीही काही फळं दरवर्षी खड्ड्यात पुरावी लागतात. उघड्यावर टाकली तर त्यातल्याच अळ्यांच्या पुढच्या माश्या.

इतकं करून हे कशाला, असं तुम्ही विचाराल. ऋषिपंचमीचं पान आठवा. बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणजे नांगराच्या शेतातलं नको, घराभोवती हाताने लावलेलं हवं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. फोडणी नाही, मसाला नाही, खोबरं आणि चिंच एवढ्यावर ती भाजी उभी राहते. जून भाजीची ऋषीची भाजी करून बघा, घशाखाली उतरत नाही. आमच्या आज्या-पणज्यांना परसात वाफे कशाला हवे होते, ते मला दरवर्षी त्या एका भाजीत कळतं. आणि सगळं संपल्यावर आढ्याला सुंभाने टांगलेली तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या उरतात. पिकून पिवळी झालेल्या तवशाचं, तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेलं धोंडस मी दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून करते.

सूनबाईंना सांगा, सामान फेकू नका. गच्चीवर वेल आणि भेंडी यांचा नाद सोडून त्याच बॅगांत आता मेथी आणि माठ पेरा. मेथी बोटभर वाढली की मुळासकट उपटून घ्यायची, वाळूतल्या मेथीसारखी. माठ मात्र मुळावर ठेवून वरचा खुडायचा, पुन्हा फुटतो. उन्हाळा सरताना एका बॅगेत आलं लावा, एकीत ओली हळद. हळदीला पानं भरपूर येतात, पुढच्या नागपंचमीला पातोळ्यांसाठी मंडईत पानं शोधत फिरायला नको. अळूला रोजचं पाणी आणि थोडी सावली चालते, ते टाकीच्या आडोशाला ठेवा. पण विकत आणताना काळ्या देठाचं, वडीचं अळू मागून घ्या.

ता. क. कडू दुधीचं तुम्ही सहज लिहिलंत, पण ते हसण्यावारी नेऊ नका. काकडी, दुधी, शिराळं यांच्यात कुकरबिटॅसिन नावाचं कडू द्रव्य कधीकधी वाढतं. ते शिजवून जात नाही, मीठ लावून किंवा साखर घालूनही जात नाही. त्याने उलट्या, जुलाब होतात, रक्तसुद्धा पडतं. दुधीचा रस तर अजिबात चाखल्याशिवाय पिऊ नये. मी प्रत्येक दुधी चिरायच्या आधी दोन्ही टोकांची चकती जिभेला लावून बघते आणि कडू लागला तर थुंकून, चूळ भरून अख्खा दुधी टाकून देते. तुमचा तो दुधी अजून फ्रिजमध्ये असेल तर आजच टाका, आणि त्याचं बी ठेवू नका.