"किती शुद्ध हवा!" म्हणे

आज सकाळी इंदूरच्या सांवेर रोडला गाडी थांबवून आमच्या मित्रवर्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा, किती शुद्ध हवा!" समोर गव्हाचं शेत. रात्रीच पहिलं पाणी दिलेलं. घोटाभर चिखलात उभे राहून एक दादा घमेल्यातून मुठीमुठीने युरिया फेकत होते. पिवळसर पांढरे दाणे काळ्या चिखलावर पडायचे, आधी कडेने ओले व्हायचे आणि बघता बघता दिसेनासे. आणि हे म्हणे शुद्ध हवा!

आपण इंदूरवाले ओला-सुका कचरा वेगळा करतो, देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला नंबर काढला, सगळं ठीक. पण धूर दिसला तरच प्रदूषण, हे डोक्यातून कधी जाणार? या युरियातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूला रंग नाही आणि शेतात त्याचा वासही येत नाही. एकदा वर गेला की शंभराहून जास्त वर्षं तिथेच. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता अडकवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट. ओझोन कुरतडतो ते वेगळंच.

हिशोब करूनच टाका. युरियाची गोणी ४५ किलोची, नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. त्यातला एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, जुना ढोबळ आकडा सांगतो. म्हणजे २०७ ग्रॅम नायट्रोजन, वायूच्या वजनात सुमारे ३२५ ग्रॅम. त्याला २७३ ने गुणा: ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं. साधारण ३८ लिटर पेट्रोल जाळल्यासारखं, एका गोणीमागे. हो, कोरड्या हवामानासाठी २०१९च्या सुधारणेत तो आकडा अर्ध्या टक्क्यावर आलाय. बरं, १९ लिटर धरा. मग?

आता त्या चिखलाकडे या. माती पूर्ण बुडालेली असते तेव्हा जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, ते नायट्रेटचा ऑक्सिजन ओढून घेतात आणि शेवटी साधा नायट्रोजन सुटतो. तो निरुपद्रवी. खरी गडबड पाणी उतरायला लागल्यावर. मातीतल्या पोकळ्या ६० ते ८० टक्के भरलेल्या असतात तेव्हा ही साखळी अर्ध्यावर तुटते आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे पाण्यापासून वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) येईपर्यंतचे दिवस. शेतकरी ज्या वाफशाची वाट बघतो, त्याच वाटेवर जिवाणूंची जत्रा भरते.

आणि त्या दादांचं नुकसान तर त्याआधीच सुरू झालेलं असतं. आपली काळी माती अल्कधर्मी. ओल्या पृष्ठभागावर युरिया पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा दोन-तीन दिवसांत अमोनिया करतं आणि तो हवेत जातो. "पण आता निमकोटेड आहे ना?" आहे, २०१५ पासून सगळाच. पण निंबोळीचं तेल अमोनियापासून नायट्रेट होण्याचा वेग कमी करतं, युरिएजला रोखत नाही. वर पसरलेल्या युरियाला त्याचा काय उपयोग?

भारी काळ्या जमिनीत क्रम उलटा हवा. आधी युरिया, मग लगेच हलकं पाणी, पाच-सहा सेंटीमीटर. दाणा विरघळून खाली जातो, वर राहत नाही. हलक्या, वालुकामय जमिनीत मात्र तो झिरपून जाईल म्हणून पाणी देऊन पाय टिकायला लागल्यावर टाकतात. लोक दोन्ही सल्ले एकत्र कालवतात. मात्राही बघा. हेक्टरी १२० किलो नायट्रोजन धरला तर अर्धा पेरणीला बियाण्याखाली, पाव विसाव्या-एकविसाव्या दिवशी पहिल्या पाण्याच्या आधी, उरलेला पाव दुसऱ्या पाण्याच्या आधी. पाव म्हणजे हेक्टरी ६५ किलो युरिया. आमच्याकडे चालतं काय? बिघ्याला एक गोणी. चार बिघ्यांचा हेक्टर, म्हणजे एका फटक्यात १८० किलो! पानांच्या रंगाची साधी प्लॅस्टिकची पट्टी मिळते. तिच्यावरच्या ठरलेल्या छटेपेक्षा पान गडद हिरवं असेल तर हात आखडा, एवढंच. पण २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीला हात कोण आखडणार?

मित्रवर्य गाडीतूनच म्हणाले, "मग सेंद्रिय करायचं." संतापच आला. शेणखत काय धुतल्या तांदळासारखं आहे? मूत्र जिरलेला ढीग ओला करून दाबून ठेवला की तोही हाच वायू सोडतो. ढीग हवेशीर थरांत रचून उलथायचा असतो, हे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ च्या काळात बसवलं, जगात 'इंदूर पद्धत' म्हणून गाजलं. आपल्याला पोह्यांची इंदूर पद्धत तेवढी माहीत.

हा वायू शेतात मोजता तरी येतो का, अशीही शंका घेतली त्यांनी. मोजतात हो. दहा सेंटीमीटर खोल चौकट रोवायची, तीही आदल्या दिवशी, नाहीतर उकरलेली माती खोटा आकडा देते. चौकटीच्या खोबणीत पाणी भरून वर ॲक्रिलिकची पेटी, आणि ०, ३० व ६० मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची. आठवड्यातून एकदाच गेलात तर युरिया-पाण्यानंतरची उसळीच हुकते. आणि भेगाळलेल्या जमिनीत वायू पेटीबाहेरच्या भेगेतून निघून जातो, आकडा कमी येतो. हे मान्य. पण मग खरं उत्सर्जन जास्तच ना!

दादांना विचारलं, पाण्याच्या आधी का नाही टाकला? म्हणाले, "लाइट रात को आती है, तो पानी भी रात को। अंधेरे में यूरिया कौन फेंके?"

यावर बोलायला काही उरलं नाही. संध्याकाळी टाकून ठेवता येईल, असं सुचवलं. ते हसले, दव पडतं म्हणाले. तेही खरंच, दवाने दाणा वरच ओला होतो आणि पुन्हा तोच अमोनिया. मग निदान विजेची दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात दुसरं पाणी जुळवा, सकाळी युरिया टाकून लगेच मोटर सुरू करा, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी मान हलवली.

उरलेली दीड गोणी बांधावर होती, तोंड सुतळीने बांधलेलं.