राऊटर रेंज तयार करत नाही

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गावच्या घराचं नेट सुधारायचा विषय निघतो, आणि मग घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: "गावात फायबर नाही? सिमचा राऊटर घ्या, फोनमधलं सिम त्यात घाला, झालं. सेटिंग काही नको. फोनला एक कांडी असली तरी राऊटरला पाच येतात. कुठलाही मॉडेल चालतो. कॅमेरा लावा आणि मुंबईतून घर बघा." सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने यावर विश्वास ठेवून राऊटर घेतला. नातवाच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. म्हणून या संदेशातलं एकेक वाक्य तपासतो.

सगळ्यात मोठी चूक त्या पाच कांड्यांची. राऊटर टॉवरकडून येणारा सिग्नलच वापरतो, नवा निर्माण करत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाइन तासांसाठी डोंगर का चढत होती, ते आठवा. रेंज डोंगरावर होती, घरात नव्हती. आपली जुनी घरं जाड चिऱ्याच्या भिंतींची, वर कौलं, त्यावर कित्येकांनी पावसासाठी पत्रे घातलेले. पत्रा सिग्नल परतवतो, चिरा अडवतो. घर कुळागरात, खोलगट जागी असेल तर भिजलेल्या माडा-पोफळींचाही अडथळा. अशा घरात मधल्या खोलीतल्या कपाटावर ठेवलेल्या राऊटरला फोनपेक्षा फार वेगळं काय मिळणार?

आणि कांड्या मोजूच नका. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर 'आरएसआरपी' नावाचा, सिग्नलची ताकद सांगणारा आकडा असतो, उणे चिन्हासह. उणे ८०-९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर व्हिडिओ अडखळणार. मावशीकडे मधल्या खोलीत उणे ११६ होता. तोच राऊटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला तेव्हा उणे ९८. एक पैसाही जास्त लागला नाही. विकत घेण्याआधी फोनवर असा आकडा दाखवणारं अॅप घालून घराभोवती, परसात, माडीवर फिरून बघा. कुठेच धड आकडा येत नसेल तर राऊटर घेऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगतो.

बाहेर अँटेना लावायचा विचार असेल तर केबलकडे लक्ष द्या. साध्या आरजी-५८ केबलच्या दहा मीटरांत १८०० मेगाहर्ट्झचा सिग्नल सहा डेसिबलांहून जास्त गमावतो, म्हणजे पाव हिस्साही उरत नाही. त्यापेक्षा राऊटरच पागोळ्यांपासून सुरक्षित अशा उंच जागी ठेवा आणि तिथून घरात लॅनची केबल आणा. ती शंभर मीटरपर्यंत चालते. बाजारात मिळणारा 'रेंज बूस्टर' मात्र अजिबात नको. परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं.

"कुठलाही मॉडेल" हेही खोटं. इथे जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. भिंतीतून आत शिरण्यात ८५० सरस, तेव्हा खेड्यात बँड ५ असणं मोलाचं. आखातातून किंवा लंडनहून येताना कुणी आणलेल्या राऊटरमध्ये तो असेलच असं नाही, आणि कधी कधी तो तिथल्या कंपनीच्या सिमलाच लॉक केलेला असतो. खोक्यावरचे बँड वाचा.

सेटिंग? बहुतेक वेळा आपोआप होतं, पण झालं नाही तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडून देणारं नाव, हाताने घालावं लागतं: जिओला 'जिओनेट', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', रोमन लहान अक्षरांत. पहिल्याच दिवशी अॅडमिनचा पासवर्ड बदला. आणि फोनमधलं सिम राऊटरमध्ये घातलं की बँकेचे ओटीपीही राऊटरमध्येच जातात, हे त्या संदेशात कुणी लिहिलेलं नाही. वेगळं सिम घ्या.

राहिला कॅमेरा. मोबाईल कंपन्या साध्या सिमला स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता, सहसा देत नाहीत. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राऊटरच्या पानावर तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होताना दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी कॅमेऱ्याकडे वळवायची राऊटरची सेटिंग) कितीही केलं तरी मुंबईतून त्यावरून आत येता येणार नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःहून जोडून घेणारा कॅमेरा हवा, नाहीतर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची खाजगी जोडणी. मग हिशेब येतो डेटाचा. एक एमबीपीएसने कॅमेरा दिवसभर चित्र पाठवत राहिला तर २४ तासांत १०.८ जीबी जातात. रोज दोन जीबीच्या पॅकवर तो साडेचार तासांत पॅक संपवतो आणि नातवाचा तास तिथेच थांबतो. मावशीच्या कॅमेऱ्याला आम्ही आत मेमरी कार्ड घातलं आणि हालचाल झाली तरच फोटो पाठव, असं लावून दिलं.