कॉइल पाहावी वळून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि दोन्ही झाल्यावरही अंगात मस्ती उरली असेल तर टेस्ला कॉइल, म्हणजे घरातल्या घरात विजा पाडणारं तारेचं वेटोळं, पाहावी वळून. चार इंची पीव्हीसी पाइपवर मी एका रविवारात हजार वेढे घातले. सातशेव्या वेढ्याला सासूबाईंचा फोन आला. तिथे तार अजून जरा सैल आहे.

पण वेढे घालणं हा पोरखेळ. प्रायमरीतला, म्हणजे बुडाशी असलेल्या मोजक्या वेढ्यांच्या वेटोळ्यातला, शेकडो अँपिअरचा झटका चालू-बंद कोण करणार, इथे माणसाची गाडी अडते.

टेस्लाने १८९१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा उत्तर सोपं होतं: स्पार्क गॅप. दोन धातूचे गोळे, मध्ये फट. वीज साठवणारा कपॅसिटर पुरेसा भरला की फटीत ठिणगी पडते, आणि ती ठिणगी हाच स्विच. जळायला काही नाही, मरायला काही नाही. कपॅसिटर भरायला हजारो व्होल्ट हवेत, म्हणून मी निऑन पाट्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर शोधायला निघालो, तर पाटीवाल्याने कौतुकाने एलईडीची माळ दाखवली. शेवटी एका मित्राच्या माळ्यावर सापडला. पहिली चाचणी नऊ सेकंद चालली. दिवाणखान्यात लवंगी माळ लावल्यासारखा आवाज, ओझोनचा उग्र वास, आणि आतून आईचा प्रश्न, "काय तळतोयस रे?" खालच्या मजल्यावरच्या काकूंची मालिका नेमकी साखरपुड्यात अडकली. गॅप बाद.

मग मॉसफेट, म्हणजे ठिणगीऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच. घरातले २३० व्होल्ट रेक्टिफाय केले, म्हणजे एसीचे डीसी केले, की सव्वातीनशे होतात, आणि आयआरएफपी ४६० नावाचा मॉसफेट पाचशे व्होल्ट, वीस अँपिअरचा. कागदावर राजयोग. हाफ ब्रिज नावाच्या जोडणीत दोन मॉसफेट एकावर एक बसतात आणि नियम एकच: एकाने दार लावल्याशिवाय दुसऱ्याने उघडायचं नाही. दोन्ही दारं क्षणभर उघडी राहिली की संपलं. मॉसफेट बहुधा शॉर्ट होऊनच मरतो. त्यामुळे तो जोडीदाराला घेऊन जातो, चालू-बंदचा हुकूम देणाऱ्या गेट ड्रायव्हरलाही सोबत नेतो. सगळ्यांना वाचवायला नेमलेला फ्यूज सगळ्यात शेवटी उडतो, तेही नाइलाजाने.

असे आठ मॉसफेट गेल्यावर मला संशय आला. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन नवव्याच्या पाठीवर फिरवलं. नंबर कापसावर आला. तडक पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठली.

"काका, हे ओरिजिनल म्हणून दिले होतेत ना?"

"ओरिजिनलच आहेत. छपाई फक्त इथली."

यावर काय बोलणार? वर बायकोने रिमूव्हरचे पैसे वेगळे लावले.

मध्यंतरी व्हॅक्यूम ट्यूबचा मोह झाला. ८३३ए नावाची काचेची दुधी भोपळ्याएवढी नळी. चूक सहन करते, ठिणग्याही सुरेख झुपकेदार. पण नुसता फिलॅमेंट तापवायलाच दहा व्होल्ट, दहा अँपिअर लागतात. म्हणजे कॉइल सुरू व्हायच्या आधीच शंभर वॅट स्वाहा. प्लेटला हजारो व्होल्ट द्यायचे ते वेगळेच. बायकोला मात्र फोटो आवडला. "हीच घ्या, शोकेसमध्ये ठेवता येईल." म्हणजे चालणार नाही याची तिला खात्रीच होती.

उरला आयजीबीटी, मोठ्या प्रवाहाचा इलेक्ट्रॉनिक स्विच. हा जरा संथ. बंद हो म्हटलं तरी शेवटचा प्रवाह रेंगाळत सोडतो, म्हणून तीनशे किलोहर्ट्झच्या चिमुकल्या कॉइलला निरुपयोगी. पण साठ-सत्तरला ताकदीने चालतो. प्रवाह शून्यावर येतो नेमका त्याच क्षणी स्विच केला, तर थोड्या वेळापुरता लेबलावर लिहिलेल्याच्या कितीतरी पट अँपिअर निमूट सोसतो. घरातल्या थोरल्या भावासारखा. जुन्या बाजारात बुधवारी भंगारातून तीनशे अँपिअर, बाराशे व्होल्टचा एक काळा ठोकळा मिळाला, वजनाच्या भावाने. मल्टिमीटरवर ठणठणीत. घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, थर्मल पेस्ट लावली आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, पाच जिने चढून धापा टाकत.

"लिफ्ट बंद पडलीय सकाळपासून. मेकॅनिक म्हणतो, ड्राइव्हमधला आयजीबीटी गेलाय. काळा ठोकळा असतो म्हणे, असा एवढा..."

हातांनी माप दाखवता दाखवता त्यांची नजर टेबलाकडे वळली.

मी ठोकळ्यावर हळूच पोळ्यांचं फडकं टाकलं.